पारंपरिक नव्हे, सुकलाल उखा बोरसे

सुकलालभाऊ, आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते तुमचे. तुमचं पूर्ण नाव सुकलाल उखा बोरसे. मूळचे भडगावचे, राहणार जळगाव, काम कीबोर्ड वाजवणं. हे मुद्दाम लिहितोय. परवा तुमच्या शोकसभेत दीड तासात कुणी तुमचं पूर्ण नाव एकदाही घेतलं नाही. मागच्या फलकावर 'बेंजोवाले सुकलालभाऊ' असं लिहिलेलं होतं. तुम्ही बेंजोला हात लावलात तो फक्त दुसऱ्यांच्या तारा बदलून देताना.

मी तिसऱ्या रांगेत होतो. सुमनवहिनी पहिल्या रांगेत, पदर सावरत, कुणी काय बोलतंय ते ऐकू येत नसल्यासारख्या बसल्या होत्या. अध्यक्ष म्हणून आलेले गृहस्थ छान बोलतात, हे मान्य करायला हवं. ते म्हणाले, "सुकलालभाऊंनी आपल्या पारंपरिक चाली जतन केल्या. ते लोकसंगीताचे प्रामाणिक हमाल होते." माझे वडील बोदवड स्टेशनवर हमाल होते. त्यामुळे तो शब्द मला लागला नाही. मला लागलं ते 'जतन'. दुसऱ्याची वस्तू जतन करतात, भाऊ. स्वतः घडवतात तिला वेगळा शब्द आहे.

मग एकाने मोबाइलवरून श्रद्धांजली म्हणून गाणं लावलं. तेच, सध्या सगळीकडे वाजणारं, कानबाई देवीचं. मागच्या पडद्यावर गायिकेचं नाव आलं, कंपनीचं आलं, नाचणाऱ्या मुलींची नावं आली, ड्रोनवाल्याचंही आलं. संगीताच्या पुढे लिहिलेलं होतं, 'पारंपरिक'. तुमच्याच हार घातलेल्या फोटोसमोर.

मी उठलो. सूत्रसंचालक जवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, आता वेळ नाही. दोन मिनिटं शांततेची आहेत." मग मी दोन मिनिटं शांत उभा राहिलो. इतक्या संतापात मी कधी शांत उभा राहिलेलो नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दोन मिनिटांतली निम्मी चीड तुमच्यावरच होती.

तुम्ही कुठेकुठे वाजवलंत, हे तरी त्यांनी सांगायला हवं होतं. वडिलांच्या भजनी मंडळात तुम्ही पेटीवर बसलात तेव्हा तुमचा हात भात्यापर्यंत पोचत नव्हता, असं वहिनी सांगतात. तिथे तुम्ही पहिली गोष्ट शिकलात, गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही. मग धुळ्याच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या उस्मानचाचांच्या शेजारी उभे राहिलात. चाचा म्हणायचे, सूर फुंकला की तो श्वासाएवढाच टिकतो, तुझं बटण दाबलं की ते मरतच नाही, म्हणून तूच त्याला वेळेवर मारायला शीक. तुम्ही ते इतकं मनावर घेतलंत की कीबोर्ड वाजवताना तुम्ही स्वतः श्वास घ्यायचात, ऐकू येईल असा. धुळ्यातल्या चर्चमध्ये एका नर्सबाईंनी तुम्हाला जुन्या ऑर्गनवर तीन सूर एकत्र कसे धरायचे ते दाखवलं. ते तीन सूर तुम्ही थेट उरुसातल्या कव्वालीमागे नेऊन लावलेत. कव्वाल रागावला, मग हसला, मग पुढच्या वर्षी त्यानेच बोलावलं. शिरपूरच्या पलीकडे सातपुड्यात एका लग्नात पावरी ऐकलीत. डोंगरातल्या लोकांचं ते फुंकायचं वाद्य. त्यातला तो खरखरीत, अर्धवट सरकणारा सूर कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या चाकीने काढता येतो का, याच्यामागे तुम्ही दोन उन्हाळे घालवलेत.

तुमचं वर्ष गाण्यांवरून मोजता यायचं. एप्रिलमध्ये जयंतीची भीमगीतं, मेमध्ये लग्नं, श्रावणात कानबाई, भाद्रपदात हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, मधूनच अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी, पुढे सीडी, आणि नंतर जे काय मोबाइलवर आलं ते. लोक विचारायचे, भाऊ, तुमचं खरं संगीत कोणतं? तुम्ही म्हणायचात, ज्याच्यात आज वाजवतो ते. मला तेव्हा हे उत्तर टाळाटाळ वाटायचं.

आमची गाठ पडली ती भिंतीमुळे. मी बी.ए.साठी जळगावला आलो आणि तुमच्या घराला लागून असलेली खोली तिघांत मिळून घेतली. भिंत पातळ होती. तुम्ही दुपारी रियाज करायचात आणि मला इंग्रजी पाठ होत नव्हतं. मी तक्रार करायला आलो. तुम्ही म्हणालात, भिंतीच्या त्या बाजूनं त्रास होतो तर या बाजूला येऊन बस, इथून सुरेल ऐकू येतं. मी आलो आणि तीन वर्षं त्याच चटईवर बसून पदवीचा अभ्यास केला. पहिल्या दिवसापासून तुम्ही मला 'बीए' म्हणायला लागलात. मी म्हणालो, अजून झालो नाही. तुम्ही म्हणालात, आत्ताच म्हणून घेतो, झाल्यावर तू ऐकायला थांबणार नाहीस.

दुसऱ्या वर्षी इंग्रजीत नापास झालो तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निरोप पाठवला की आता पुरे, इकडे ये, स्टेशनवर जागा आहे. तुम्ही ऐन लग्नसराईत एक लग्न दुसऱ्याकडे सोपवून पॅसेंजरने बोदवडला गेलात. नानांशी काय बोललात ते मला खूप उशिरा कळलं. तुम्ही त्यांना शिक्षणाचे फायदे वगैरे काही सांगितले नाहीत. फलाटावर त्यांच्याबरोबर बसून तुम्ही विचारलंत, नाना, डोक्यावर ओझं असताना मध्येच कधी खाली टाकलंय का? नाना म्हणाले, मध्येच टाकलं तर परत उचलता येत नाही. तुम्ही म्हणालात, मग पोराचं एकच वर्ष राहिलंय. संपलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्या फलाटावर झाला.

मराठीत एम.ए. कर, हेही तुमचंच. मी माझी बोली लपवायचो. वर्गात कुणी 'हाये' म्हटलं की हशा पिकायचा, म्हणून मी पुस्तकासारखा बोलायला लागलो होतो. तुम्ही म्हणालात, "बीए, तुनी माय जे बोलस ते लिखी काढ. तेच तुनं पुस्तक शे." मी धुळ्याला एम.ए.ला गेलो आणि श्रावणात सुटी काढून बोदवडकडच्या बायकांची कानबाईची गाणी गोळा करायला लागलो. इथवर सगळी कृतज्ञता आहे. इथून पुढे चूक आहे, आणि ती माझी आहे.

माझ्या आत्याने एक गाणं म्हटलं. शब्द साधे, पण चाल अशी की माझं पेन थांबलं. पहिल्या दोन ओळी नेहमीसारख्या. तिसऱ्या ओळीत एक सूर वर जातो आणि तिथेच थांबून राहतो, इतका की म्हणणारी आता विसरली असं वाटतं, आणि मग सगळ्या बाया एकदम खाली उतरतात. मी विचारलं, हे किती जुनं? आत्या म्हणाली, "माह्या सासूच्या सासूपासूनचं हाये. लिही." मी लिहिलं. कॉलेजच्या वार्षिक अंकात माझा लेख आला. त्यात त्या थांबलेल्या सुराचा अर्थही मी लावला होता. जुन्या बायका जात्यावर दळायच्या, जात्याची एक फेरी पूर्ण होताना दम लागतो, तो श्वास या चालीत गोठून राहिला आहे. सरांनी वर्गात वाचून दाखवलं. चालीखाली छापलं होतं, 'पारंपरिक, कर्ता अज्ञात'. अंक मी तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही पत्र लिहिणारे नव्हतात, म्हणून मला काही वाटलं नाही.

त्या लेखावर पुढे बरंच उभं राहिलं. प्रबंध त्यातून निघाला, धुळ्याच्या कॉलेजातली नोकरी त्यातून आली. आणि दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवर ती चाल वाजायला लागली. मोठ्या शहरातल्या कंपनीने गाणं काढलं होतं. मला अभिमानच वाटला. मी सुटीत जळगावला तुमच्याकडे आलो आणि गाणं लावून म्हणालो, बघा भाऊ, मी शोधलेली चाल कुठे पोचली.

तुम्ही पहिल्या ओळीला हसलात. तिसऱ्या ओळीला डोळे पुसलेत. मग म्हणालात, "हाई जुनं नही शे, बीए. हाई फाटकवरलं शे."

मी विचारलं, कोणतं फाटक? तुम्ही सांगितलंत ते असं. धुळे जिल्ह्यातल्या एका लग्नाची वरात रेल्वे फाटकाशी अडली. मालगाडी येत होती. बँडवाले थांबले, वऱ्हाडी थांबले, पण बायका नाचात आल्या होत्या, त्यांना थांबवणं तुम्हाला जिवावर आलं. तुम्ही बँडच्या हातगाडीवर बसून मनातलं काहीतरी वाजवत राहिलात. तिसऱ्या ओळीला मालगाडी समोर आली आणि आवाजात काही ऐकू येईना. तुम्ही एक सूर धरून ठेवलात. डबे जातायत, तुम्ही धरून. शेवटचा डबा गेला तसे तुम्ही खालच्या सुरांवर उतरलात आणि बायकांनी ठेका पकडला.

"गाडी लांब व्हती रे," तुम्ही म्हणालात. "मी काय करू?"

मी जात्याचा श्वास म्हणून ज्याच्यावर दीड पान लिहिलं, ती मालगाडी होती.

पुढच्या श्रावणात एका गल्लीतल्या कानबाईला तुम्ही तीच चाल बायकांच्या शब्दांखाली घातलीत. त्यांनी विचारलं, ही कुठली? कानबाईसमोर नवं केलेलं कुणी म्हणत नाही, सासूकडून आलेलंच म्हणायचं, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही सांगितलंत, माझी आई म्हणायची, भडगावकडचं आहे. झालं. त्या गल्लीतल्या मुली लग्न होऊन गावोगाव गेल्या. त्यांच्यातलीच एखादी बोदवडकडे आली असणार, आणि दहा-बारा वर्षांत तुमची चाल माझ्या आत्याच्या सासूच्या सासूइतकी म्हातारी झाली. आत्या खोटं बोलली नाही. तुम्हीही देवीपुढे बायकांची अडचण होऊ नये एवढंच पाहिलंत. छापून पक्कं केलं ते मी, शिकलेल्या माणसाने.

मी तुम्हाला विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलं? अंक हातात आला तेव्हा एक कार्ड टाकायचं होतं.

तुम्ही कीबोर्डवरची धूळ पुसत राहिलात. "तुनं पह्यलं छापेल व्हतं. तुना बापनी ते बठ्ठा टेसनले दखाडं. मी कसाले मोडू?"

हे खरं होतं. नानांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो अंक स्टेशनमास्तरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना उघडून दाखवला होता. त्या एका गोष्टीसाठी तुम्ही स्वतःची चाल गिळून टाकलीत आणि वर मला कधी जाणवूही दिलं नाहीत. यासाठी तुमचे पाय धरावेत की भांडावं, हे मला आजही कळत नाही. त्या दिवशी मी भांडलो.

मी कंपनीला पत्र लिहिलं. त्यांनी नम्र उत्तर पाठवलं आणि सोबत माझ्याच लेखाच्या पानाची प्रत जोडली. आपणच या चालीचे संकलक आहात आणि आपणच तिला पारंपरिक म्हटलेलं आहे, आपल्या कार्याबद्दल आदर आहे. मी माझ्या जुन्या सरांकडे गेलो. ते निवृत्त आहेत, प्रेमाने बसवलं. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, लोकसाहित्याला कर्ता नसतोच. लोकांनी स्वीकारलं की ते लोकांचं. आता कशाला ढवळतोस?" कॉलेजात विचारलं तर तो अंक निघणं कधीच बंद झालेलं, दुरुस्ती छापायला जागाच नाही.

भाऊ, मला या शास्त्राचा राग येतो, आणि मी तेच शिकवून पगार घेतो. शहरातल्या दिवाणखान्यात बसून कुणी चाल बांधली की तिच्यावर त्याचं नाव असतं, त्याच्या मुलांचंही असतं. फाटकाशी अडलेल्या वरातीत कुणी बांधली की ती 'लोकांची'. लोक म्हणजे कोण? त्या दिवशी फाटकावर शंभर लोक होते. सूर एकानेच धरला होता. लोकांनी ती चाल उचलली, सांभाळली, स्वतःची मानली, हा त्यांचा मोठेपणा. पण तिच्याखाली 'अज्ञात' असं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. ते लिहायला बी.ए. झालेला माणूस लागला.

शेवटची भेट मला विसरायची आहे आणि म्हणूनच लिहितो. मी टाइप केलेला कागद घेऊन आलो होतो. 'सदर चाल मी रचलेली आहे' आणि खाली सहीची जागा. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलात.

"मी सही करसू तं तू खोटा पडशी," तुम्ही म्हणालात. "तू मास्तर शे. पोरं हसतीन."

मी म्हणालो, हसू देत.

"आनी कानबाईना म्होरे कोन सांगस का, हाई मनं शे?"

"देवीला सांगू नका," मी म्हणालो. "कंपनीला सांगा."

तुम्ही कागद घडी करून माझ्या हातात दिलात. मग मी बोलू नये ते बोललो. म्हणालो, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे बसलात ते नम्रतेने नाही, भीतीने. नाव लावलं की लोक नावं ठेवतात, ते तुम्हाला सोसत नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही त्यांच्याकडे बघून म्हणालात, चहा ठेव. आणि मला म्हणालात, "चहा पी, मंग निंघजो. गाडी चुकी जाई." मी चहा न पिता निघालो. तीन आठवड्यांनी वहिनींचा फोन आला.

तुम्ही भित्रे नव्हतात. गाणाऱ्याच्या पुढे जायचं नाही, हे तुम्ही पेटीवर शिकलात आणि सगळीकडे पाळलंत, मला वाढवतानाही. हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पण तुमचंही चुकलं, भाऊ, आणि तुम्ही गेलात म्हणून मी हे मागे घेणार नाही. मी खोटा पडेन, हे ठरवायचा हक्क माझा होता. तुम्ही मला पदवी घ्यायला लावलीत, ती काय सोयीचं छापण्यासाठी? पोरं हसतील म्हणालात. मागच्या आठवड्यात मी वर्गात फळ्यावर माझा लेख लिहून काढला आणि खोडला. जातं, श्वास, कर्ता अज्ञात, सगळं. मालगाडीचं ऐकून पोरं खरंच हसली. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, सर, मग त्यांचं नाव काय? मी नाव लिहिलं आणि सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. तीस-पस्तीस वह्या असतील. कंपनीच्या पडद्यापुढे हे काहीच नाही, ठाऊक आहे. हा लेख छापून आला की तो मी कंपनीला पाठवणार आहे, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवणार आहे.

आणखी एक पुरावा देतो, माझ्याविरुद्धचा. दहाव्यानंतर वहिनींनी तुमच्याकडचा तो जुना अंक मला परत दिला. अंकासोबत मी धाडलेलं पत्र पान एकोणतीसवर तसंच ठेवलेलं होतं. ते खाली शब्दही न बदलता देतो. माझ्या विद्यार्थ्यांनी ते वाचावं, सरांनी वाचावं, शोकसभेच्या अध्यक्षांनीही वाचावं.

धुळे, शनिवार

तीर्थस्वरूप सुकलालभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार.

आपल्या आशीर्वादाने माझा पहिला लेख छापून आला आहे. अंक सोबत पाठवत आहे. पान एकोणतीस पाहावे. शाई थोडी पसरली आहे, पण नाव वाचता येते. नाव वडिलांच्या नावासकट पूर्ण छापावे असा मी आग्रह धरला होता, त्याप्रमाणे छापले आहे. नानांना एक अंक दिला, ते फार खूश आहेत.

लेखातली तिसरी चाल आपण कीबोर्डवर जरूर वाजवून पाहावी. माझ्या आत्याने सांगितलेली आहे. तिसऱ्या ओळीत सूर थांबतो, तो जात्याच्या फेरीचा श्वास आहे असे मी दाखवून दिले आहे. सर म्हणाले, हे आजवर कुणाच्या लक्षात आले नव्हते. अशी चाल आजच्या काळात कुणाला बांधता येणार नाही, हे आपणही मान्य कराल.

इकडे खोली बरी आहे. भिंत जाड आहे, शेजारचे काही ऐकू येत नाही, त्यामुळे करमत नाही. सुमनवहिनींना नमस्कार सांगावा.

आपला,
नामदेव

ता. क. ही चाल कुणी बांधली ते पुष्कळ विचारूनही मला कळले नाही, म्हणून 'अज्ञात' लिहिले. आपण इतक्या गावांत वाजवता. त्या माणसाचे नाव कधी कानावर आले तर एक कार्ड टाकावे. मी लगेच दुरुस्त करीन.